उजव्या बाजूची पावलं

१

दार उघडं होतं, कुलूप न फोडता कडीला लटकत होतं आणि भिंतीवरचा हूक रिकामा होता. आमच्या सायकल क्लबची एकुलती एक सायक्लोक्रॉस, म्हणजे चिखलातल्या शर्यतीची, सायकल गेली होती.

हे पहिल्यांदा पाहिलं आमच्या मेकॅनिकने. त्याला सगळे पाना म्हणतात, कारण त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना असतो, लग्नाला जातानासुद्धा. तो आरडाओरडा न करता बाहेर आला, मैदानाच्या कडेला अंग मोकळं करत असलेल्या माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तिखट, तू नाही ना नेलीस?"

तिखट म्हणजे मी. नाव क्लबनेच ठेवलंय आणि ते चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही.

पाच मिनिटांत सगळे मागच्या दाराशी जमले. दाराबाहेर सरावाचं मैदान, मैदानभर चिकण मातीचा चिखल. त्या चिखलात गाठीगाठींच्या टायरचा माग दारापासून निघाला होता. मैदानाच्या मध्यापर्यंत तो गेला, तिथे बिघडला आणि संपला. पुढे नुसते बुटांचे ठसे, ते बांधावर चढले आणि पलीकडच्या डांबरी रस्त्यावर नाहीसे झाले. बूटही क्लबचेच. मागच्या दाराशी रबरी बुटांचे जोड पडलेले असतात, ज्याला हवे त्याने घालावेत.

"चाकाचा माग थांबतो आणि पावलं पुढे जातात," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे सायकल खांद्यावर घेतली. आपल्याकडे सायकल खांद्यावर घेऊन पळतं कोण?"

सगळे माझ्याकडे बघत राहिले.

आदल्या संध्याकाळची, बुधवारची, गोष्टही सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती. सरांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, जाहीर केलं होतं की रविवारच्या, सगळ्या क्लबांच्या निवड शर्यतीत ती सायकल सेक्रेटरींच्या मुलीला मिळणार. ती रस्त्यावर वाऱ्यासारखी जाते, तिचं नाव भिंगरी. पण चिखलात तिने आयुष्यात पाय घातलेला नव्हता, आणि मी अख्खा मोसम त्या सायकलवर काढला होता. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "उद्या सकाळी हेच मैदान, हीच सायकल. आधी तिची फेरी, मग माझी. जिची फेरी लवकर संपेल तिची सायकल. हे नको असेल तर ही सायकल रविवारी शर्यतीला जाणार नाही, लिहून घ्या."

सेक्रेटरी तयार झाले होते. चाचणी आज सकाळीच होती. पण आता कोणाला चाचणी आठवत नव्हती, माझं शेवटचं वाक्य तेवढं आठवत होतं.

"ऑफिसातली किल्ली कुठल्या खिळ्यावर असते ते तुला माहीत आहे," सेक्रेटरी म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी बैठक आहे. सगळ्यांसमोर कबूल कर, माफी माग, सायकल आणून दे. प्रकरण तिथेच मिटेल. नाहीतर रविवारी तुझं नाव नाही आणि नंतरही कधी नाही."

"मी माफी मागणार नाही."

"मग सायकल कुठे आहे?"

"ते माहीत असतं तर तुमच्याशी बोलत इथे उभी राहिले असते का?"

मी सरांकडे बघितलं. मला वाटलं, निदान हा माणूस काहीतरी बोलेल. थंडीने सर कुडकुडत होते, अंगात नेहमीचा लांब कोट नव्हता, नुसता स्वेटर होता. ते चिखलाकडे बघत राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत.

२

मी घरी गेले नाही. मी मावशीकडे गेले.

माझी मावशी विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायची. जळलेली गोदामं, बुडालेल्या होड्या, चोरीला गेलेली यंत्रं. लोक रडत रडत दावा करायचे आणि मावशी चहा पीत पीत ऐकून घ्यायची. निवृत्त झाली तरी सवय गेली नाही. तुम्ही नुसता चष्मा हरवला म्हणालात तरी ती विचारते, शेवटचा कधी बघितला, आणि कोणी.

तिने माझं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मला सायकल चालवता येत नाही, हे आधी सांगते. आता मला सांग, बसून चालवायची वस्तू खांद्यावर कशाला घ्यायची?"

माझं पित्त आधीच खवळलेलं. पण मावशीपुढे ते चालत नाही.

"शर्यतच तशी असते. चिखल, वाळू, चढ, मधे ओंडके टाकलेले. जिथे चालवता येत नाही तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची, पळायचं, पुन्हा उडी मारून बसायचं."

"मग ही तुझी सायकल आणि ती खालची, दूधवाल्याची, यात फरक काय? दोन चाकं तिलाही आहेत."

"मावशी, दूधवाल्याची सायकल सगळ्या कामाची. बाजाराला जा, ऑफिसला जा, मागे पोतं बांधा. तिला कॅरिअर, मडगार्ड, स्टँड, बाटलीची जागा, आणि ते बसवायला भोकं. आमच्या सायकलला यातलं काही नाही. सांगाडा मोकळा, म्हणजे खांदा आत जातो. ब्रेकच्या वायरी वरच्या दांड्याच्या वरून नेलेल्या, म्हणजे खांद्याला काचत नाहीत. पायडल जरा उंचावर, ओंडक्याला लागू नये म्हणून. टायर गाठींचे. आणि मुख्य म्हणजे चाक आणि सांगाडा यांच्यात भरपूर फट."

"फट कशाला?"

"चिखल चाकाबरोबर फिरून बाहेर पडावा म्हणून. साध्या सायकलीला गाठींचे टायर घातलेस तर दांड्यात आणि चाकात बोटभरही जागा उरत नाही. चिकण माती बसली की चाक जाम. आमची सायकल चिखलात अडकत नाही. ती त्यासाठीच केलेली असते."

मावशीने चहाचा कप बशीत ठेवला. "चल, मला तो चिखल दाखव."

३

सेक्रेटरी शिस्तीचे. त्यांनी पानाला सांगून मागाच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधून घेतली होती. माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून, पण बांधली होती हे खरं. मावशी साडीचा काठ वर खोचून, पायात क्लबचे रबरी बूट घालून दोरीच्या कडेकडेने चालत गेली. तिला बघून दोन मुलं हसली. मी त्यांच्याकडे वळून बघितलं, तेव्हा थांबली.

"पावलं कुठल्या बाजूला आहेत?" तिने विचारलं.

"मागाच्या शेजारी."

"शेजारी म्हणजे कुठे? डावीकडे की उजवीकडे?"

मी बघितलं. दारापासून निघालेली पावलं चाकाच्या मागाच्या उजव्या बाजूने चालली होती. सायकल हातात धरून नेणारा माणूस तिच्या उजवीकडून चालत होता.

"तू सायकल हातात धरून नेतेस तेव्हा कुठे असतेस?"

"डावीकडे. सगळेच असतात. चेन उजवीकडे असते ना, कपडे खराब होतात. आम्ही तर उतरतोही डावीकडे आणि उचलून उजव्या खांद्यावर टाकतो. चेन बाहेरच्या बाजूला राहते."

हे बोलले आणि मी परत मागाकडे बघितलं. इतका वेळ मी हा माग बघत होते, सगळे बघत होते. उजव्या बाजूची पावलं कोणालाच दिसली नव्हती, कारण सगळ्यांना त्यात आधीच मी दिसत होते.

"म्हणजे मी नव्हते," मी म्हणाले.

"ते मला तू सांगितलंस तेव्हाच कळलं होतं. चोरून नेणाऱ्याला इतका राग येत नाही. पण सेक्रेटरी म्हणतील, मुद्दाम उलट बाजूने चाललीस." मावशी पुढे गेली, जिथे माग संपत होता. तिथे तो आधी पसरट झाला होता. गाठींचे ठसे पुसट झाले होते आणि शेवटचा हातभर भाग नुसता फरपटलेला होता, जड पेटी ओढत नेल्यासारखा. त्याच्या कडेला मातीचे दोन मोठे गोळे पडले होते.

"इथे काय झालंय?"

"चाक फिरायचं थांबलं. नुसतं घासत गेलं. म्हणून त्याने सायकल उचलली." मी खांदे उडवले. "चिखल जास्त असेल."

मावशी वाकली होती ती सरळ झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. "तू सकाळी मला काय सांगितलंस, ते परत एकदा सांग."

"काय?"

"राहू दे," ती म्हणाली. "तुला आठवेल. आधी मला माणसं भेटव."

४

पाना वर्कशॉपमध्ये एका चाकाच्या तारा ओढत होता. मावशी उलट्या डब्यावर बसली आणि त्याच्या कामाचं कौतुक करू लागली. पानाला कौतुकाची सवय नाही, तो घडाघडा बोलायला लागला.

"हल्ली तिला मी हात लावलेला नाही हो. मोसम संपला तसं सर म्हणाले, ही शर्यतीची सायकल, हिची सर्व्हिसिंग मीच करणार. करून हुकाला अडकवली. खोलीला कुलूप. मी म्हटलं, बरं झालं, एक काम कमी."

"आणि या इतर सायकली?" मावशीने भिंतीशी उभ्या असलेल्या हिरव्या सायकलींकडे बोट दाखवलं. सगळ्या एकाच कंपनीच्या, आमची गेलेली सायकलही त्याच कंपनीची, त्याच रंगाची.

"या सगळ्या कामाच्या. नव्या मुलांना शिकवायला. यातली एक सरांकडे असते, भाजी आणायला. मधे ती पंक्चर होती म्हणे, बिचारे तीन आठवडे पिशव्या हातात घेऊन फिरत होते. मी म्हटलं, सर, आणा इकडे, पाच मिनिटांचं काम आहे. तर म्हणाले, असू दे, चालणं चांगलं असतं."

"मग झाली का दुरुस्त?"

"झाली की. आज सकाळपासून घेऊन फिरतायत परत."

मावशीने मान डोलावली. मला तर ते ऐकूही आलं नाही, कारण तेवढ्यात भिंगरी दारात आली होती. तोंडात च्युइंगगम. तिच्या तोंडात ते नसेल तर ती आजारी आहे असं समजायचं.

"काकू, मला ती सायकल नकोच होती," ती मावशीला म्हणाली. "मला रस्त्यावर पळवायला आवडतं. बाबा आणि सरांनी ठरवलं. मी काल संध्याकाळी जाऊन बघून आले, म्हटलं उद्या चालवायची तर निदान तोंडओळख."

"मग कशी वाटली?"

"सायकलसारखी सायकल. सीटच्या खाली, मागच्या दांड्यांना दोन रिकामी भोकं होती. मला वाटलं, यात चिखल जाईल, म्हणून मी माझं च्युइंगगम कोंबून ठेवलं." ती माझ्याकडे बघून जरा हसली. "तू हसशील म्हणून सांगितलं नव्हतं."

मी हसलेच. "भोकं? कॅरिअरची? अगं, त्या सायकलला भोकं नाहीतच. दुसरीच कुठली तरी बघून आलीस तू. तुला कळत नाही तर बोलू नकोस."

भिंगरीचा चेहरा पडला आणि ती निघून गेली. मावशीने माझ्या हाताला इतका जोरात चिमटा काढला की मी ओरडले.

"सगळं कळणाऱ्या माणसा," मावशी म्हणाली, "तुला जे माहीत आहे, त्याच्याखाली तुला जे दिसतंय ते गाडलं गेलंय."

५

शनिवारी दुपारी सर स्वतः मावशीकडे आले. मी गॅलरीतून त्यांना येताना बघितलं. सायकल हातात धरलेली, हँडलला भाजीची पिशवी, मागे कॅरिअरवर कांद्यांची दुसरी. डॉक्टरांनी त्यांना सायकल चालवायला मनाई केली आहे. एके काळी ते असे जिंकायचे की दुसऱ्या नंबरवाला दिसायला वेळ लागायचा. मग एका ओंडक्यावरून पडले, उजव्या खांद्याचं हाड मोडलं आणि आत धातूची पट्टी घातली. तो हात खांद्याच्या वर जात नाही. तेव्हापासून ते सायकल ढकलत चालतात, आणि डाव्या पायाच्या पँटला कपडे वाळत घालायचा चिमटा लावतात. त्या चिमट्याला मी कितीदा हसले आहे.

आत येऊन सर खुर्चीच्या टोकावर बसले. "फार ताणू नकोस," ते मला म्हणाले. "माफी माग, मोकळी हो. चार शब्दांचा तर प्रश्न आहे. सायकलीचं मी बघतो, सेक्रेटरींना समजावतो. पुढच्या वर्षी तुलाच पाठवू."

"सर, तुम्हाला वाटतं मी नेली?"

"मला काय वाटतं याला महत्त्व नाही."

"मला आहे," मी म्हणाले. माझा आवाज फुटला, त्याचा मला राग आला. "तुम्ही मला सायकल खांद्यावर घ्यायला शिकवलंत. तुम्हीच म्हणाला होतात, पडलं तरी चालेल, पण दुसऱ्याने पाडलं म्हणून पडून राहायचं नाही. मी माफी मागणार नाही. नाव काढायचं तर काढा."

सर उठले. मावशी त्यांना पोचवायला खाली गेली. वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं, उलट वाईट वाटल्यासारखं दिसत होतं.

"त्यांचा लांब कोट कुठे असतो गं?"

"लाँड्रीत दिलाय म्हणे. का?"

"तुमच्यात पँटला चिमटा लावतात तो कुठल्या पायाला?"

"उजव्या. चेन उजवीकडे..." मी बोलता बोलता थांबले.

मी गॅलरीत धावले. खाली सर चालले होते, डाव्या हाताने हँडल धरून, सायकलच्या उजव्या बाजूने.

६

क्लबच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. माझ्या माफीला एवढी गर्दी होईल असं मला वाटलं नव्हतं. सेक्रेटरींनी घसा साफ केला. "तुला काय बोलायचं ते बोल."

"माझ्याऐवजी मावशी बोलेल," मी म्हणाले. "तिचं झाल्यावर मीही बोलणार आहे."

मावशी उभी राहिली. पदर नीट केला. "मला एवढंच विचारायचं आहे. पाना, तुमची सायक्लोक्रॉस सायकल त्या चिखलात अडकली असती का?"

"छे. त्या चिखलात आपण कित्येक फेऱ्या मारतो तिच्यावर."

"पण नेलेली सायकल मैदानाच्या मध्यावर जाम झाली. चाक फरपटलंय, मातीचे गोळे पडलेत. तुम्ही सगळ्यांनी बघितलं. टायर गाठींचे, म्हणजे चाकं खरी. पण फट नव्हती. म्हणजे सांगाडा दुसरा. त्या हुकाला तुमची सायकल नव्हतीच. साधी कामाची सायकल होती, कॅरिअर-मडगार्ड काढून, शर्यतीची चाकं घालून टांगलेली. या मुलीने," तिने भिंगरीकडे हात केला, "त्या सांगाड्याची भोकंही बघितली. आपण तिला वेड्यात काढलं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. भिंगरीने चघळणं थांबवलं.

"आता ही खोटी सायकल बुधवारपर्यंत सुखाने टांगलेली होती. त्याच रात्री ती का हलली? कारण माझ्या भाचीने चाचणी मागितली. या क्लबात ती एकटीच अशी होती, की जिने सायकल नुसती खांद्यावर घेतली असती तरी ओळखलं असतं. तिला ती मिळू नये, म्हणूनच तर भिंगरीचं नाव पुढे आलं. आणि चाचणी ठरल्यावर सायकल नाहीशी करण्यावाचून इलाज राहिला नाही. जिने चाचणी मागितली ती सायकल कशाला पळवेल? चाचणीला जो भ्याला, त्याने पळवली."

मी सरांकडे बघत होते. त्यांची नजर खाली होती.

"नेणारा माणूस उजवीकडून चालला, म्हणजे त्याने सायकल डाव्या खांद्यावर घेतली, चेन अंगाकडे करून. असं कोणी आपण होऊन करत नाही. उजवा हात वर जात नसेल तरच करतो. आणि मग चेनचं ग्रीस लागलेला त्याचा कोट धुवायला जातो." मावशीचा आवाज अगदी साधा होता. "ज्या दिवशी इथली एक सायकल गेली, त्याच दिवशी तीन आठवडे पंक्चर असलेली दुसरी परत आली. ती बाहेर उभी आहे. पाना, तिचं कॅरिअर काढ."

पाना गेला. खिशातला पाना पहिल्यांदाच बैठकीच्या कामाला आला. सायकल हॉलमध्ये आणून त्याने कॅरिअरचे दोन बोल्ट फिरवले. बोल्टच्या आट्यांना गुलाबी रंगाचं काहीतरी चिकटून बाहेर आलं.

"ते माझं आहे," भिंगरी म्हणाली.

मी पुढे झाले, सायकल उचलली आणि खांद्यावर टाकली. वरच्या दांड्याच्या खालून गेलेली ब्रेकची वायर खांद्यात रुतली. आत कोपऱ्यात, पायडलच्या मुळाशी, सरावाच्या मैदानाची पिवळी माती अजून चिकटलेली होती. मला आणखी काही बघायचं नव्हतं.

"खरी कुठे आहे, सर?" मी विचारलं.

"माझ्या माळ्यावर," सर म्हणाले. "सांगाडा चिरलाय. पुढच्या बाजूला." त्यांनी डाव्या हाताने उजवा खांदा दाबला. "मला एक फेरी मारायची होती. एकच. कोणी नसताना. वाटलं, अजून जमेल. ओंडक्याशी उतरताना हाताने दगा दिला. मग सांगायची लाज वाटली. म्हटलं, नवीन मागवू, कोणाला कळायच्या आत बदलू. तुझं नाव मी कधी घेतलं नाही."

"नाही घेतलंत. लोक घेत होते तेव्हा मूग गिळून बसलात. आणि आज दुपारी घरी येऊन मला माफी मागायला सांगितलंत." मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं, कारण लपवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. "सर, मला तीन दिवस वाटत होतं की मी कमी पडले. म्हणून तुम्ही तिला निवडलंत."

"तू कमी पडली असतीस तर मला इतकं काही करावंच लागलं नसतं," ते म्हणाले.

सेक्रेटरी उठले, हात चोळत. "ठीक आहे. गैरसमज झाला. घरातली गोष्ट घरातच राहू दे. सरांचंही वय आहे, नाव आहे. तुझं नाव यादीत परत घालतो, विषय संपला."

"नाही संपला," मी म्हणाले. "माफी सगळ्यांसमोर हवी होती ना तुम्हाला? मलाही सगळ्यांसमोरच हवी. उद्या शर्यतीआधी, लाउडस्पीकरवर. तुमची."

"आणि शर्यतीत उतरणार कशावर? सायकल कुठे आहे?"

मी खांद्यावरची सायकल खाली घेतली नव्हती. "ही आहे की," मी म्हणाले. "पाना, मडगार्ड काढ. शर्यतीची चाकं सर देतील."

७

सेक्रेटरींनी माफी मागितली. कागदावरून वाचावी तशी, एका दमात, पण लाउडस्पीकरवर मागितली आणि माझं नाव नीट घेतलं. त्याआधी लोक मला बघून बाजूला होत होते. नंतर चहावाल्यापासून पंचांपर्यंत सगळे माझ्याकडे बघून उगाच माना हलवत होते. भिंगरी उतरलीच नाही. तिने माझी पाण्याची बाटली धरली आणि म्हणाली, "भोकं नाहीतच म्हणे." मी तिची माफी मागितली. ती मागायला मला काही जड गेलं नाही.

शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोरड्या भागात मी बरोबरीने होते. चिखल आला की माझं चाक जाम व्हायचं आणि बाकीच्या मुली चालवत पुढे जायच्या. मग मी उतरायचे, सायकल खांद्यावर टाकायचे आणि पळायचे. चालवणारीला पळणारीने गाठावं, हे प्रेक्षकांना फार आवडतं. प्रत्येक फेरीत आरडाओरडा वाढत गेला. वायर खांद्यात रुतत होती आणि मला तिचा राग येत होता, आणि त्या रागावर मी पळत होते.

चिखलाच्या शेवटी एक जागा असते, तिथे प्रत्येकीचा माणूस सायकल साफ करायला उभा असतो. माझा पाना असणार होता. पहिल्या फेरीला मी तिथे पोचले तर पानाच्या शेजारी सर उभे होते, हातात लाकडी पट्टी घेऊन. चेनच्या बाजूने, उजवीकडे. त्यांनी डाव्या हाताने दांड्यातला चिखल खरवडून काढला, अशा वेगाने की पानाला जमलं नसतं. त्यांच्या स्वेटरला चेनचं काळं ग्रीस लागत होतं. मी सायकल घेतली. ते शाबास म्हणाले नाहीत, मी थँक्यू म्हणाले नाही. प्रत्येक फेरीला तेच.

मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांना अजून सरच म्हणते, कारण तोंडाला सवय आहे आणि खांद्यावर सायकल घ्यायची ती त्यांनीच शिकवलेली आहे. या दोन्ही गोष्टी माझ्या एकाच डोक्यात राहतात आणि त्यांचं आपसात पटत नाही.

शेवटच्या रेषेशी मावशी उभी होती, पायात अजून क्लबचेच रबरी बूट.

"कितवी आलीस?"

"सातवी."

"संघात घेतात किती?"

"सहा."

मावशीने माझ्या जर्सीची बाही बाजूला सारून खांदा बघितला. वायरीची लाल रेघ आरपार उठली होती, मधे जरा रक्त आलं होतं.

"औषध लावू या याला," ती म्हणाली.

"लावू. पण आधी सेक्रेटरींना दाखवते," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी कुठली सायकल घ्यायची ते ठरवायला बरं पडेल."

सायकल तशीच खांद्यावर ठेवून मी त्यांच्या टेबलाकडे चालू लागले.